गावसकरांवरचा कॅलिप्सो

कुंडलिका खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंड्याच्या आगरकोटाची ढासळलेली तटबंदी आणि दक्षिण तीरावर कोर्लईचा डोंगरी किल्ला, या दोन खुणांच्या मध्ये पोर्तुगीज सत्तेचा सव्वादोनशे वर्षांचा काळ सामावलेला आहे. १५१६ मध्ये पोर्तुगीजांनी येथे वखार घातली, पुढे किल्ला बांधला, १५९४ मध्ये समोरचा डोंगर जिंकून घेतला आणि १७४० मध्ये हा सारा मुलूख मराठ्यांच्या हवाली करून ते निघून गेले. सत्ता गेली तरी कोर्लईतील ख्रिस्ती वस्तीच्या तोंडची भाषा मात्र गेली नाही. गावकरी तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत, परंतु क्रियापद वाक्याच्या शेवटी आणण्यासारख्या तिच्या पुष्कळ लकबी मराठीच्या आहेत. राज्यकर्त्यांची भाषा आणि जितांची भाषा यांच्या संकरातून जन्मलेल्या व पुढच्या पिढ्यांची मातृभाषा बनलेल्या अशा बोलीला भाषाशास्त्रात ‘क्रिओल’ अशी संज्ञा आहे, आणि सुमारे हजार माणसांच्या या क्रिओलचा क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तपशीलवार अभ्यास केला आहे.

परक्याने आणलेली गोष्ट मोडून, वळवून आपलीशी करण्याची ही प्रक्रिया भाषेपुरती थांबत नाही. सण, वाद्ये आणि गाणी यांच्याही बाबतीत ती घडते. तिचे सर्वांत गजबजलेले रूप कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर दिसते. तेथील कार्निव्हल आणि त्या कार्निव्हलच्या पोटी जन्मलेले ‘कॅलिप्सो’ हे गीत यांच्या इतिहासात १९७१ मध्ये एका मराठी फलंदाजाचे नाव कायमचे नोंदले गेले. ते नाव सुनील गावसकर यांचे, आणि ते नोंदवणारा गायक ‘लॉर्ड रिलेटर’ या नावाने ओळखला जाणारा विलर्ड हॅरिस.

कार्निव्हल म्हणजे ख्रिस्ती पंचांगातील चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वीचे खाण्यापिण्याचे आणि नाचगाण्याचे दिवस. कोकण किनाऱ्याला तो अपरिचित नाही. गोव्यात त्याला ‘इंत्रूज’ म्हणतात, आणि पोर्तुगालमधून आलेल्या त्या सणात पीठ व रंगीत पाणी एकमेकांवर उडवण्याची जी चाल होती, ती पाहून येथल्या माणसाला आपल्या धुळवडीची आठवण झाली असली पाहिजे. त्रिनिदादमध्ये कार्निव्हल आणला तो फ्रेंच मळेवाल्यांनी. बेट स्पेनच्या ताब्यात असताना १७८३ च्या एका फर्मानाने कॅथलिक परदेशीयांना तेथे जमिनी मिळू लागल्या, तेव्हा आसपासच्या बेटांवरून फ्रेंच कुटुंबे आपल्या आफ्रिकी गुलामांसह तेथे येऊन वसली. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले तरी समाजाची बोली फ्रेंच शब्दांची क्रिओल, म्हणजे ‘पात्वा’, हीच राहिली. मळेवाले मुखवटे घालून एकमेकांच्या वाड्यांवर नाचायला जात, गुलामांना मात्र त्यात प्रेक्षक म्हणूनही फारशी जागा नसे.

१८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये सक्तीच्या उमेदवारीचा उरलेला जाचही गेला, तेव्हा मुक्त झालेल्या लोकांनी हा सण रस्त्यावर आणला. उसाच्या मळ्याला आग लागली की रात्री-अपरात्री चाबकाच्या धाकाने गुलामांना ती विझवायला हाकलले जाई. त्याच प्रसंगाचे सोंग काढून ते मशाली, ढोल आणि काठ्या घेऊन मिरवू लागले. या मिरवणुकीला ‘कॅनबुले’, म्हणजे ‘जळता ऊस’, असे नाव पडले. ज्या छळाने पिढ्या जाळल्या, त्याचेच सोंग आणून त्यावर नाचण्यात केवढा निर्धार होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. इंग्रज प्रशासनाला मात्र त्यात दंगा तेवढा दिसला. १८८१ मध्ये पोलीस प्रमुख कॅप्टन बेकर याने कॅनबुले बंद पाडण्याचा प्रयत्न केला तेव्हा पोर्ट ऑफ स्पेन शहरात लोक आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली, आणि १८८४ मध्ये मशालींच्या मिरवणुकांवर व ढोलवादनावर कायद्याने बंधने आली.

त्याच १८८४ सालच्या ऑक्टोबरात आणखी एका मिरवणुकीवर गोळीबार झाला, तो कॅरिबियन इतिहासात भारतीयांच्या रक्ताने लिहिला गेलेला प्रसंग आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज भारतातून पहिले करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला लागले होते, आणि १९१७ पर्यंत चाललेल्या या मजूरभरतीतून सुमारे एक लाख त्रेचाळीस हजार माणसे त्या बेटावर पोहोचली. त्यांतले बहुसंख्य भोजपुरी पट्ट्यातले, कलकत्त्याच्या बंदरातून गेलेले, काही मद्रासकडचे. मोहरमचे ताबूत हा त्यांचा मोठा उत्सव, ज्याला तेथे ‘होसे’ म्हणतात, आणि कोकणातल्या ताबुतांप्रमाणेच त्यात हिंदूही सामील होत. शहरात ताबूत आणण्यावर घातलेली बंदी झुगारून निघालेल्या मजुरांवर सान फर्नांडो येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि अनेक जण ठार झाले. त्या मजुरांनी सोबत नेलेले एक वाद्य मात्र टिकले. रायगड जिल्ह्यातल्या कोणत्याही पालखीपुढे जो ताशा कडाडतो, तोच ‘तासा’ या नावाने आजही त्रिनिदादमध्ये लग्नात आणि होसेमध्ये वाजतो.

ढोलावर बंधने आली तेव्हा आफ्रिकी वंशाच्या वस्त्यांनी बांबूचे लहानमोठे तुकडे कापून ते जमिनीवर आपटत ताल धरला. या वाद्यमेळाला ‘तांबू बांबू’ म्हणत. पुढे १९३० च्या दशकापासून बिस्किटांचे डबे, मोटारींचे सुटे भाग आणि अखेरीस खनिज तेलाची पिंपे वाजू लागली, आणि पिंपाच्या तळाला ठोकून ठोकून त्यावर स्वर बसवण्याच्या खटपटीतून ‘स्टीलपॅन’ हे नवे वाद्य जन्मले. बंदीचा आदेश काढणाऱ्यांनी एक वाद्य बंद करू पाहिले आणि लोकांनी त्या जागी दुसरे उभे केले, ही संगीताच्या इतिहासातील अत्यंत उल्लेखनीय घटना मानली पाहिजे.

कॅलिप्सोचे मूळ या मिरवणुकांच्या पुढे गाणाऱ्या ‘चँटवेल’मध्ये आहे. चँटवेल म्हणजे आपल्या टोळीची थोरवी आणि प्रतिस्पर्धी टोळीची निंदा गाणारा म्होरक्या; तो ओळ टाकी आणि मागचा जमाव ध्रुवपद उचलून धरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पात्वाच्या जागी इंग्रजी आली, गाणे रस्त्यावरून बांबू आणि झावळ्यांच्या मांडवात शिरले आणि तिकीट लावून ऐकवले जाऊ लागले. त्या मांडवाला ‘टेंट’ म्हणतात. मराठी वाचकाला हे सारे समजायला जड जाऊ नये. ताज्या घटनेवर रचना करून ती जमावापुढे गाणारा शाहीर, तमाशाची कनात, कलगी आणि तुरा या दोन फडांचे रात्रभर चालणारे सवाल-जवाब, या सगळ्यांचे प्रतिरूप त्या मांडवात सापडते. दोन गायकांनी समोरासमोर उभे राहून आयत्या वेळी रचलेल्या कडव्यांनी एकमेकांना निरुत्तर करण्याच्या प्रकाराला तेथे ‘एक्स्टेंपो’ असे नाव आहे. फरक इतकाच की पोवाड्याची प्रकृती वीररसाची आणि कॅलिप्सोची कोपरखळीची. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला गव्हर्नरची फजिती, भाववाढ, खटले आणि शेजारणीची भानगड यांची वार्ता कॅलिप्सोनेच पोहोचवली, म्हणूनच वसाहत सरकार त्यावर नजर ठेवून असे. गायकांनी घेतलेली नावेही पाहण्यासारखी आहेत: लॉर्ड इन्व्हेडर, अटिला द हून, रोअरिंग लायन, ग्राउलिंग टायगर. इंग्रज उमरावाची ‘लॉर्ड’ ही पदवी झोपडवस्तीतल्या गवयाने स्वतःला लावून घेण्यात स्वाभिमान होता आणि सरकारला दिलेले आव्हानही होते.

क्रिकेट हाही असाच परक्यांनी आणलेला आणि लोकांनी आपलासा केलेला खेळ, आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये तर त्याचे मैदान आणि कार्निव्हलची जागा यांत थोडेच अंतर आहे: कार्निव्हलचा मुख्य मंच ज्या क्वीन्स पार्क सव्हाना या विस्तीर्ण मैदानावर उभारला जातो, तेथेच पूर्वी क्रिकेट खेळले जाई आणि १८९६ मध्ये तेथल्या क्रिकेट क्लबने जवळच क्वीन्स पार्क ओव्हल हे स्वतंत्र मैदान तयार केले. या दोन परंपरांची प्रसिद्ध गाठ मात्र लंडनमध्ये पडली. जून १९५० मध्ये लॉर्ड्स मैदानावर वेस्ट इंडीजने इंग्लंडला इंग्लंडमध्ये प्रथमच हरवले, तेव्हा १९४८ मध्ये ‘विंडरश’ जहाजाने तेथे गेलेल्या लॉर्ड किचनर या गायकाने गिटार घेऊन मैदानावर जमावाची मिरवणूक काढली, आणि लॉर्ड बिगिनर याने त्या विजयावर केलेला कॅलिप्सो ध्वनिमुद्रित होऊन जगभर गेला. त्या गाण्याच्या दोन नायकांपैकी एक, फिरकी गोलंदाज सनी रामाधीन, हा करारबद्ध मजुरांचा वंशज होता आणि वेस्ट इंडीजकडून कसोटी खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू होता.

१९७१ च्या फेब्रुवारीत अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर पोहोचला तेव्हा त्याच्याकडून कोणाचीच फारशी अपेक्षा नव्हती, कारण तोपर्यंत भारताने वेस्ट इंडीजला एकाही कसोटीत हरवलेले नव्हते. त्रिनिदाद स्वतःही अस्वस्थ होते. आदल्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या आंदोलनामुळे तेथे आणीबाणी पुकारली गेली होती. त्या वर्षी कार्निव्हलचे दोन दिवस, २२ आणि २३ फेब्रुवारी, हे नेमके जमैकातील किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीच्या अखेरच्या दिवसांवर आले. गावसकर बोटाच्या दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हते. पाच बाद ७५ अशा अवस्थेतून दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा करून एकनाथ सोलकर यांच्या साथीने संघाला ३८७ पर्यंत नेले. पहिला दिवस पावसाने वाया गेल्यामुळे सामना नियमांनुसार चार दिवसांचा ठरला होता आणि दीडशे धावांची आघाडीही फॉलोऑन लादण्यास पुरेशी होती; वाडेकरांनी तो लादला. सामना अनिर्णित राहिला, परंतु वेस्ट इंडीजचा कर्णधार सोबर्स याच्या संघाला भारताने फॉलोऑन दिला ही गोष्ट बेटाबेटांवर पोहोचली. सरदेसाईंचा जन्म मडगावचा, १९४० मधला, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या आणि इंत्रूज साजरा करणाऱ्या गोव्यातला, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

कार्निव्हलचे रंग धुऊन दोन आठवडेही झाले नसताना, ६ मार्चला, पोर्ट ऑफ स्पेनच्या ओव्हलवर दुसरी कसोटी सुरू झाली आणि एकवीस वर्षांच्या गावसकरांनी तीत पदार्पण केले. त्रिनिदादच्या जॅक नोरेगाने पहिल्या डावात ९५ धावांत ९ बळी घेतले, तरी सरदेसाईंचे ११२, गावसकरांचे ६५ आणि सोलकरांचे ५५ यांमुळे भारताने १३८ धावांची आघाडी घेतली. दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी सोबर्सला शून्यावर त्रिफळाबाद केले आणि क्लाइव्ह लॉइडलाही माघारी धाडले, वेंकटराघवन यांनी पाच बळी घेतले, आणि विजयाच्या धावा झाल्या तेव्हा गावसकर ६७ वर नाबाद होते. त्या बेटाची सुमारे दोन-पंचमांश वस्ती भारतीय वंशाची होती. पाहुण्या संघाच्या बाजूने ओरडणारे असे घरचे प्रेक्षक क्रिकेटच्या इतिहासात विरळाच.

त्यानंतर गावसकरांच्या धावा अशा: जॉर्जटाउनला ११६ आणि नाबाद ६४, ब्रिजटाउनला १ आणि नाबाद ११७, आणि पुन्हा ओव्हलवर, मालिकेचा निकाल ठरवणाऱ्या सहा दिवसांच्या पाचव्या कसोटीत, दाढ ठणकत असतानाही १२४ आणि २२०. चार कसोट्यांच्या आठ डावांत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. १९ एप्रिलला वेस्ट इंडीजचा डाव ८ बाद १६५ वर असताना सामना अनिर्णित सुटला आणि भारताने मालिका एका विजयाने जिंकली.

लॉर्ड रिलेटरने या मालिकेवर जो कॅलिप्सो रचला, त्याचे नाव फक्त ‘गावसकर’. टोबॅगो बेटावर जन्मलेला हा तरुण गायक त्या वेळी अजून मानाच्या स्पर्धेचा विजेता नव्हता, परंतु गिटारवरचा त्याचा हात, जुन्या गायकांच्या नकला आणि आयत्या वेळी कडवे रचण्याची हातोटी यांमुळे तो जाणकारांच्या डोळ्यांत भरला होता. गाण्याचा विषय पराभव आहे, तोही स्वतःच्या संघाचा. तरीही त्यात कोठे जळफळाट नाही. मालिका देखणी झाली पण शेवट आपल्यासाठी वाईट झाला, अशी कबुली देऊन गायक पाहुण्यांचे कौतुक करतो, आणि ध्रुवपदात पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येतो: हा माणूस भिंतीसारखा उभा राहिला आणि आमच्या गोलंदाजांना त्याला बाद करता आले नाही. ‘भिंत’ ही उपमा भारतीय क्रिकेटमध्ये पुढे राहुल द्रविड यांना चिकटली; तिचा मान त्रिनिदादच्या एका शाहिराने कितीतरी आधी गावसकरांना दिला होता. ‘गावसकर’ या पाच अक्षरांचा आघात चालीच्या खटकेबाज ठेक्यात इतका चपखल बसतो, की नावच तालवाद्य होऊन जाते. पुढे भारतात जी क्रिकेटगीते झाली त्यांत उत्साह आहे, अभिमानही आहे, पण प्रतिस्पर्ध्याचे असे मन मोकळे करून केलेले गुणगान त्यांत सापडत नाही, हे मान्य करावे लागते.

हा मोठेपणा एकट्या गायकाचा नव्हता, त्या गीतप्रकाराचाही होता. कॅलिप्सोगायकाची निष्ठा घडलेल्या गोष्टीशी असते. ती आपल्या बाजूची आहे की नाही हे तो नंतर पाहतो. शिवाय रिलेटरच्या श्रोत्यांत आफ्रिकी आणि भारतीय, दोन्ही वंशांची माणसे होती, आणि स्वातंत्र्यानंतरच्या त्रिनिदादच्या राजकारणात या दोन समाजांत ताण असताना, एका भारतीय फलंदाजाचे कौतुक आफ्रिकी परंपरेच्या गाण्यात व्हावे, याला मैदानाबाहेरचाही अर्थ होता. त्याच सुमारास भारतीय वंशाचा गायक सुंदर पोपो भोजपुरी आणि इंग्रजी मिसळून नवी गाणी गात होता, ज्यांतून पुढे ‘चटनी’ हा संगीतप्रकार रूढ झाला. आणि १९७३ मध्ये लॉर्ड शॉर्टी या आफ्रिकी वंशाच्या गायकाने ‘इंद्राणी’ या गाण्यात ढोलक आणि धनताल ही भारतीय मजुरांची वाद्ये कॅलिप्सोत आणली. धनताल म्हणजे लोखंडी सळईवर नालासारख्या लोखंडाच्या तुकड्याने धरलेला ताल. शॉर्टीच्या या प्रयोगांतूनच ‘सोका’ हे कार्निव्हलचे पुढच्या काळातले मुख्य संगीत उभे राहिले. गावसकरांवरचे गाणे या जवळिकीच्या उंबरठ्यावर उभे आहे.

कार्निव्हलसाठीची गाणी एरवी वर्षारंभी मांडवात येतात आणि उपवासकाळ लागला की मागे पडतात. हे गाणे कार्निव्हल उलटल्यावर, एप्रिलनंतर आले, आणि पुढचा कार्निव्हल तर पोलिओच्या साथीमुळे लांबणीवर पडून मे १९७२ मध्ये, पावसात, झाला. तरीही गाणे टिकले. एप्रिल १९७६ मध्ये त्याच ओव्हलवर चौथ्या डावात चारशेहून अधिक धावांचे लक्ष्य भारताने गाठले, आणि त्यातही गावसकरांचे शतक होते, तेव्हा त्या जुन्या ध्रुवपदाला नवा पुरावाच मिळाला. गावसकरांच्या बाजूनेही त्या बेटांशी नाते राहिले. गयानाचे भारतीय वंशाचे फलंदाज रोहन कन्हाय यांच्यावरून त्यांनी आपल्या मुलाचे नाव रोहन ठेवले.

रिलेटरची स्वतःची कारकीर्द १९८० मध्ये शिखरावर पोहोचली. कार्निव्हलपूर्वीच्या रविवारी सव्हाना मैदानावर होणाऱ्या स्पर्धेत त्या काळी गायकाला दोन गाणी गावी लागत. विजेत्याला पूर्वी ‘कॅलिप्सो किंग’ म्हणत, परंतु १९७८ मध्ये कॅलिप्सो रोझ ही स्त्री जिंकली आणि पदवी ‘कॅलिप्सो मोनार्क’ अशी बदलावी लागली. रिलेटरने १९८० मध्ये ती पदवी ‘फूड प्राइसेस’ आणि ‘टेक अ रेस्ट’ या दोन गाण्यांवर मिळवली. खनिज तेलाच्या पैशाने देश श्रीमंत झाला असताना बाजारात धान्य-भाजीचे भाव कसे चढले आहेत, हे पहिले गाणे सांगते. दुसरे १९५६ पासून सत्तेवर असलेल्या पंतप्रधान एरिक विल्यम्स यांना आता विश्रांती घ्या असे सुचवते. विल्यम्स पुढच्याच वर्षी, मार्च १९८१ मध्ये, पदावर असतानाच वारले.

सोकाचा वेगवान ठेका आणि विजेवर चालणारी वाद्ये यांनी कार्निव्हल व्यापल्यावर रिलेटरने त्या वाटेने जाण्याचे नाकारले. गिटार, स्पष्ट शब्दोच्चार आणि यमकांची गुंफण हीच त्याची पुंजी राहिली, आणि हळूहळू किचनरसारख्या पूर्वसूरींच्या विस्मृतीत चाललेल्या रचना जपून गाणारा गायक अशी त्याची ओळख झाली. २००९ मध्ये अमेरिकन स्टीलपॅनवादक अँडी नरेल याच्याबरोबर त्याने ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिप्सो’ हा संग्रह केला, आणि कधीकाळी झावळ्यांच्या मांडवात गायलेली गाणी, बंदीतून जन्मलेल्या वाद्याच्या साथीने, पुन्हा ऐकवली.